बाँबफेकी विमानातून न परतलेला तरुण आणि त्याचे गाव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. गणवेशातील एक फोटो, निळ्या-तांबड्या फितीचा एक तारा आणि ते बेपत्ता झाल्याची तार एवढेच घरात उरले आहे. ते ‘व्हेंजन्स’ नावाच्या विमानात मागच्या जागेवर बसत आणि १९४४ च्या उन्हाळ्यात ब्रह्मदेशाच्या हद्दीकडे गेलेले त्यांचे विमान परत आले नाही, असे वडील सांगत. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्यांची समाधी कोठे असेल? इंडिया गेटवर किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर त्यांचे नाव सापडेल काय? गावातील हुतात्मा स्मारकावर त्यांचे नाव कोरावे, असा विषय आम्ही ग्रामसभेत मांडला, तेव्हा ‘इंग्रजांच्या चाकरीत गेलेल्याचे नाव बेचाळीसच्या हुतात्म्यांशेजारी कशाला?’ असा आक्षेप आला आणि विषय तेथेच थांबला. आम्ही काय करावे?
— एक वाचक, वरूड तालुका, जि. अमरावती

उत्तर : आधी दिल्लीविषयी. आपण विचारलेल्या दोन्ही ठिकाणी आपल्या चुलत आजोबांचे नाव सापडणार नाही. इंडिया गेट १९३१ मध्ये पूर्ण झाले आणि त्यावरील तेरा हजारांहून अधिक नावे पहिल्या महायुद्धात व १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तेथील भिंतींवर स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत आणि मोहिमांत प्राण गेलेल्यांची नावे आहेत. दुसऱ्या महायुद्धात अविभाजित भारताच्या सैन्यदलांतील सुमारे ८७,००० माणसे मरण पावली आणि ती सारी पिढी या दोन स्मारकांच्या मधल्या काळात पडते. एखाद्या कुटुंबाने वऱ्हाडातून दिल्लीपर्यंत जाऊन नाव शोधावे आणि ते न दिसल्यावर आपल्या माणसाची नोंदच कोणी ठेवली नाही असे मनाशी धरून परतावे, हे टळावे म्हणून ही गोष्ट प्रथम सांगितली. नोंद ठेवलेली असते. ती पाहण्याची जागा वेगळी आहे.

ती जागा म्हणजे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग (Commonwealth War Graves Commission). १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाकडे दोन्ही महायुद्धांत राष्ट्रकुलाच्या सैन्यदलांतून मरण पावलेल्या सुमारे १७ लाख व्यक्तींची नावनिशी नोंद आहे आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. ज्या माणसाचा देह सापडला, त्याची समाधी असते. ज्याचा सापडला नाही, त्याचे नाव स्मारकावर कोरलेले असते. दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आकाशात हरवलेल्या हवाई दलाच्या माणसांची नावे सिंगापूरमधील क्रांजी युद्धस्मशानभूमीतील ‘सिंगापूर मेमोरियल’ या स्मारकाच्या स्तंभांवर आहेत. भूदल आणि हवाई दल मिळून तेथे २४,००० हून अधिक नावे आहेत आणि स्तंभांवरचे छप्पर विमानाच्या पंखांसारखे दोन्ही बाजूंना पसरलेले आहे. आपल्याकडील तारेत ‘बेपत्ता’ असे लिहिलेले असल्यामुळे, आजोबांचे नाव याच स्तंभांवर असण्याचा संभव सर्वांत अधिक आहे. पुढे विमानाचे अवशेष आणि देह सापडला असेल, तर मात्र इंफाळ, कोहिमा आणि यांगूनजवळील टाउक्यान येथील दहनस्मारकेही पाहावीत. ज्या हिंदू व शीख सैनिकांवर त्यांच्या धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाले, त्यांची नावे या स्मारकांवर आहेत. एकट्या कोहिम्याच्या दहनस्मारकावर अशी ९१७ नावे आहेत.

शोध घेताना थोडी चिकाटी ठेवावी लागेल, कारण आपली नावे इंग्रजी अक्षरांत उतरवताना त्या काळच्या कारकुनांनी ती जशी कानावर पडली तशी लिहिली आहेत. आडनावाची तीन-चार तरी वेगवेगळी रूपे करून पाहावीत. कित्येकदा व्यक्तीचे नाव आडनावाच्या रकान्यात गेलेले असते, म्हणून नुसत्या पहिल्या नावानेही शोधावे. नोंदीत गावाचा किंवा जिल्ह्याचा उल्लेख असल्यास तो जुन्या इंग्रजी लेखनाप्रमाणे असतो. चंद्रपूरच्या जागी चांदा दिसेल, आणि अमरावती व यवतमाळ यांची स्पेलिंगेही आजच्यापेक्षा वेगळी आढळतील. नाव हाती लागले की पद, सेवा क्रमांक, मृत्यूचा दिनांक, वय आणि स्तंभाचा क्रमांक मिळतो. सेवा क्रमांक सर्वांत आधी वहीत उतरवून घ्यावा, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या एका क्रमांकावर चालतो.

आपल्याजवळच्या ताऱ्याची फीत नीट पाहावी. गडद निळ्या फितीच्या मध्यभागी रुंद तांबडा पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या निळ्या भागात एकेक बारीक नारिंगी रेघ असेल, तर तो ‘बर्मा स्टार’ आहे आणि वडिलांनी सांगितलेल्या हकिकतीला तो पुष्टी देतो.

‘व्हेंजन्स’ हे विमान अमेरिकेत तयार होई. भारतीय हवाई दलाच्या सातव्या आणि आठव्या अशा दोनच स्क्वाड्रनींनी ते युद्धात वापरले. या दोन्ही स्क्वाड्रनी डिसेंबर १९४२ मध्ये उभारल्या गेल्या. आठवी स्क्वाड्रन डिसेंबर १९४३ पासून चितगावच्या बाजूने ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आराकानच्या आघाडीवर उडू लागली. सातवी मार्च १९४४ मध्ये आसामातील सिल्चरजवळच्या उदारबंदला गेली आणि इंफाळच्या लढाईत उतरली. आजोबांच्या मृत्यूचा दिनांक आणि स्क्वाड्रनचा क्रमांक एकदा कळला, म्हणजे ते आराकानच्या खाडीमुलखावर उडत होते की मणिपूरच्या डोंगरांवर, हे ठरेल. (याच जातीची विमाने उडवणाऱ्या ब्रिटिशांच्या ११० व्या स्क्वाड्रनच्या नावात ‘हैदराबाद’ होते, कारण पहिल्या महायुद्धात तिच्या विमानांचा खर्च निजामाने दिला होता, आणि तुमचे वऱ्हाड त्या वेळी कागदोपत्री निजामाचाच मुलूख होते. स्क्वाड्रनीच्या नावात हैदराबाद दिसले, तर गोंधळू नये.)

या विमानात माणसे दोनच असत. पुढे वैमानिक, त्याच्या मागे आपले आजोबा. मागच्या माणसाकडे बिनतारी संदेशयंत्र असे, वाट काढण्याच्या कामात तो मदत करी आणि पाठीमागून येणाऱ्या शत्रूच्या विमानावर मशीनगन चालवणे ही त्याची मुख्य जबाबदारी असे. पोटात दोन ५०० पौंडी आणि पंखांखाली दोन २५० पौंडी बाँब घेऊन विमान दहा-बारा हजार फुटांवर जाई आणि लक्ष्यावर आले की जवळजवळ सरळ खाली सूर मारी. वैमानिकाला निदान जमीन दिसत असे आणि विमान त्याच्या हातात असे. मागच्या माणसाला त्या सुरात करण्यासारखे काही नसे. बंदुकीच्या बाजूला तोंड करून बसलेल्या त्याला वर सरकत जाणारे आकाश तेवढे दिसे आणि पुढच्या माणसाचा हात वेळेवर दांडी ओढील, या भरवशावर तो बसलेला असे. विमान वर उचलले जाई तेव्हा शरीराचा भार कित्येक पटींनी वाढून डोळ्यांपुढे अंधारी येई. हे दररोज, कधी दिवसातून दोनदा, आणि मेनंतर डोंगरांवर दाटणाऱ्या पावसाळी ढगांतून करावे लागत असे. इंजिन तेल गाळते, ही या विमानाची जुनी तक्रार होती. शत्रूच्या गोळीइतकाच ढग आणि इंजिनाचा बिघाड जीव घेणारा होता, म्हणून आपल्या आजोबांचे विमान कशाने पडले, याविषयी ‘शत्रूशी झुंजताना’ असे आधीच लिहून ठेवू नये. ढगात हरवून डोंगरावर आदळलेला माणूसही त्याच कामगिरीवर गेलेला होता आणि त्याच्या मरणाची किंमत त्यामुळे कमी होत नाही.

स्क्वाड्रनची एक दैनंदिन नोंदवही असे. तिच्यात प्रत्येक उड्डाणाचा दिनांक, विमानाचा क्रमांक, आत बसलेल्यांची नावे, उड्डाणाची आणि परतण्याची वेळ यांचे रकाने असत. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे दिनांक, स्क्वाड्रन आणि सेवा क्रमांक देऊन, नातेसंबंध स्पष्ट करून, इंग्रजीत किंवा हिंदीत लेखी विचारणा करावी. मात्र त्याआधीही एक गोष्ट घरबसल्या करता येते, आणि ती अवश्य करावी. आयोगाच्या नोंदींत त्याच दिनांकाला, भारतीय हवाई दलातील, त्याच स्क्वाड्रनचा दुसरा मृत कोण आहे, ते पाहावे. तो बहुधा आजोबांच्या पुढच्या जागेवर बसलेला वैमानिक असेल. तो पंजाबातला, बंगालातला किंवा मद्रासेकडला असेल, त्याचा धर्म वेगळा असेल, त्याचे गाव आज सीमेपलीकडे असेल. आपल्या आजोबांनी आपला जीव ज्याच्या हाती दिला होता आणि ज्याने आपली पाठ त्यांच्या हाती दिली होती, तो हा माणूस आहे. माझ्या मते, बाँबफेकी विमानातील माणसाची आठवण एकट्याने होऊ शकत नाही. दगड उभारायचा झाला, तर त्यावर दोन नावे असावीत.

आता ग्रामसभेतील आक्षेपाकडे येतो, कारण आपल्या पत्राचा खरा भार त्यावर आहे. आपला भाग वर्धा नदीच्या एका बाजूला आणि आष्टी दुसऱ्या बाजूला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, ऐन नागपंचमीच्या दिवशी, आष्टीच्या पोलीस ठाण्यावर गेलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच दिवशी तिकडे चिमूर पेटले. आपल्याच तालुक्यातील बेनोडा आणि अमरावतीजवळचे यावली ही गावे आजही आपल्या नावापुढे ‘शहीद’ लावतात. ज्यांच्या घरातील माणूस त्या गोळीला बळी पडला, त्यांना त्याच सरकारच्या गणवेशातील तरुणाचे नाव त्याच दगडावर नको वाटले, तर त्यांना दोष देता येणार नाही. ते स्मारक एका विशिष्ट घटनेचे आणि तिच्यात उभ्या राहिलेल्या माणसांचे आहे. म्हणून माझा सल्ला असा की, हुतात्मा स्मारकाचा आग्रह सोडावा. आपल्या आजोबांना त्यांची स्वतःची जागा द्यावी.

तथापि ‘इंग्रजांच्या चाकरीत गेलेला’ एवढ्या तीन शब्दांत एका बावीस वर्षांच्या तरुणाचे आयुष्य संपवणे न्यायाचे नाही, हेही ग्रामसभेत शांतपणे सांगावे. वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाचा मोठा गिऱ्हाईक युद्धापूर्वी जपान होता. १९४१ मध्ये ती बाजारपेठ बंद झाली. तिसाव्या दशकातील मंदीतून न सावरलेल्या कापूसपट्ट्यात, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी वाचता येणाऱ्या आणि घरी शेतीत पुरेसे काम नसलेल्या धाकट्या मुलापुढे किती वाटा होत्या, याचा विचार करावा. युद्धाच्या आरंभी जेमतेम १६ अधिकारी आणि १४४ हवाई सिपाही असलेले भारतीय हवाई दल युद्ध संपेपर्यंत सुमारे २८,५०० माणसांचे झाले; ही वाढ अशाच घरांतून आलेल्या मुलांनी झाली. शिवाय युद्ध दूर युरोपातच राहिले नव्हते. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे जपानी बाँब पडले, डिसेंबरात कलकत्त्यावर पडले, आणि मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य मणिपुरात शिरले. आपले आजोबा सातव्या स्क्वाड्रनीत असतील, तर त्यांच्या अखेरच्या उड्डाणांखालची जमीन इंफाळच्या भोवतालची होती.

कोणी आझाद हिंद सेनेचे नाव काढील, आणि ते काढणे योग्यच आहे. १९४४ मध्ये जपानी फौजेबरोबर आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही त्या आघाडीवर होत्या. त्यांचा ध्वज एप्रिलमध्ये मणिपुरातील मोइरांगला फडकला. दोन्ही बाजूंना आपलीच मुले होती, ही त्या लढाईतील सर्वांत दुःखद गोष्ट आहे आणि ती लपवून कोणाचाही सन्मान वाढणार नाही. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे की, फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नौसैनिकांनी उठाव केला तेव्हा हवाई दलातील भारतीयांनीही त्यांना पाठिंबा म्हणून काम बंद केले होते. अंगावरच्या गणवेशावरून आतल्या माणसाचे मन ओळखण्याची घाई करू नये. आपले आजोबा १९४६ पर्यंत जगले असते, तर त्यांनी काय केले असते, हे सांगण्याचा अधिकार त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध आज कोणालाच नाही.

नावाची पाटी शाळेत किंवा गावच्या वाचनालयात लावावी. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा किंवा वाचनालयाच्या कार्यकारिणीचा ठराव पुरेल आणि वादही उरणार नाही. मजकुरात पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, पद, काम, सेवा क्रमांक, स्क्वाड्रन, दिनांक, वय, वैमानिकाचे नाव आणि दोघांची नावे जेथे कोरली आहेत त्या स्मारकाचे नाव एवढेच असावे. दलाचे नाव ‘भारतीय हवाई दल’ असे लिहावे. त्यामागे ‘शाही’ हे पद मार्च १९४५ मध्ये जोडले गेले, म्हणजे आजोबांच्या मृत्यूनंतर, तेव्हा ते त्यांच्या नावाशी लावू नये. वीर, अमर, अजिंक्य अशी विशेषणे टाळावीत. वाचणाऱ्या मुलाला ‘वय २२’ हे दोन अंक दिसले पाहिजेत. विशेषणांच्या गर्दीत ते दिसत नाहीत.

गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल, तर त्या दिनांकाच्या संध्याकाळी दोन्ही नावे तेथे उच्चारून मौन पाळावे. त्या प्रार्थनेत सर्व धर्मांची माणसे बसतात, म्हणून वैमानिकाचा धर्म कोणताही असला तरी ती जागा त्यालाही आपली आहे.

प्रश्न : माझे थोरले मामा लढाईत विमानासह बेपत्ता झाले. आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली की, तो येईल. म्हणून तिने त्यांचे श्राद्ध कधी होऊ दिले नाही. आता आजी नाही आणि आईही नाही. मामांचे पान पित्तरपाटात ठेवावे असे मला वाटते, परंतु तिथी माहीत नाही. तार ज्या दिवशी आली तो दिवस आई सांगत असे. तोच धरावा काय?
— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : तारेचा दिवस धरू नये. विमान परतले नाही की प्रथम ‘बेपत्ता’ अशी तार जाई. काही महिने, साधारणतः सहा, कोणतीही बातमी आली नाही, तर शासकीय कामासाठी मृत्यू गृहीत धरला जाई आणि तसे दुसरे पत्र येई. तार येण्यास वेळ लागे तो वेगळाच. आयोगाच्या नोंदीत मात्र विमान ज्या दिवशी गेले तो दिनांक बहुधा दिलेला असतो. तो मिळाला की जुन्या पंचांगावरून तिथी काढता येते. तालुक्याच्या ठिकाणचा कोणताही जाणता पंचांगकर्ता हे सहज करून देईल.

तिथी न मिळाली, तरी आपल्या परंपरेने वाट ठेवलेली आहे. शस्त्राने, अपघाताने किंवा अशाच आकस्मिक रीतीने गेलेल्यांसाठी पितृपक्षातील चतुर्दशी सांगितली आहे, आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही अशा सर्वांसाठी सर्वपित्री अमावस्या. मामांसाठी चतुर्दशी योग्य आहे. देह न मिळालेल्या माणसासाठी पळसाच्या देठांचा पुतळा करून त्यावर संस्कार करण्याचा पालाशविधीही धर्मशास्त्रात आहे. घरातील वडीलधाऱ्यांना तो करावासा वाटला, तर करावा, नाही वाटला तर अडून राहू नये. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरताना मामांचे नाव घेणे, हे तर आपण याच वर्षी करू शकता.

आजीच्या इच्छेविरुद्ध आपण काही करीत आहात, असे आपल्या पत्रात सुचवले आहे, म्हणून थोडे अधिक लिहितो. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाची शोधपथके बेपत्ता विमानांच्या मागावर ब्रह्मदेशाच्या जंगलातही फिरली; खेडोपाडी विचारपूस करून, पंखाच्या तुकड्यावरचा क्रमांक वाचून त्यांनी अनेकांचा ठावठिकाणा लावला. ज्या देशाकडे विमाने, नकाशे आणि माणसे होती, त्यालाही ‘बेपत्ता’ या शब्दावर समाधान मानता आले नाही. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात, कोणतीही माहिती हाती नसलेल्या आईने वाट पाहणे सोडले नाही, यात तिचा हट्ट नव्हता. तिला कोणी काही दाखवलेच नव्हते. आयोगाच्या नोंदीत मामांचे नाव सापडले, तर त्या पानाची छापील प्रत आजीच्या फोटोशेजारी ठेवावी आणि मग पान वाढावे. तिने जे मागितले होते ते तिला उशिरा का होईना मिळाले, असे मला वाटेल.

प्रश्न : आमच्या शाळेत दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याविषयी प्रकल्प चालू आहे. तो बाँबफेकी विमानात होता, हे कळल्यावर सातवीतील एका मुलीने विचारले, “सर, मग खाली माणसे होती ना?” मी उत्तर टाळले. काय सांगावे?
— एक शिक्षक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : होती, असेच सांगावे. त्या मुलीने प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे आणि तो फलकावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील सूर मारणारी विमाने मुख्यतः सैनिकी लक्ष्यांवर पाठवली जात: पूल, रस्ते, दारूगोळ्याचे साठे, डोंगरातील खंदक, आणि कधी आपल्या पायदळापासून थोड्याच अंतरावरील जपानी ठाणी. तरीही रस्ते गावांतून जातात, साठे गावांत ठेवले जातात, आणि ब्रह्मी, नागा, कुकी खेडुतांची घरे दोन्ही सैन्यांच्या मधे सापडली. युरोपात तर शहरेच लक्ष्य झाली. ब्रिटनच्या बाँबफेकी दलातील ५५,५७३ माणसे त्या युद्धात मरण पावली, त्यांचे सरासरी वय बावीसच्या आसपास होते, आणि तरीही लंडनमध्ये त्यांचे स्मारक २८ जून २०१२ रोजी, युद्धानंतर तब्बल ६७ वर्षांनी उभे राहिले. जर्मन शहरांतील मृतांमुळे त्यांच्याविषयी उघडपणे बोलणे त्या देशालाही इतकी वर्षे अवघड गेले. त्या स्मारकावर, १९३९ ते १९४५ मधील बाँबफेकीत प्राण गमावलेल्या सर्व राष्ट्रांतील लोकांचेही हे स्मारक आहे, असे वाक्य कोरलेले आहे. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. आपल्या शाळेच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर त्या माजी विद्यार्थ्याचे नाव आणि त्याखाली याच अर्थाचे एक वाक्य मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावे. ते वाक्य त्या मुलीकडून लिहून घ्यावे.

सातवीच्या मुलांना दोन गोष्टी एकत्र धरता येतात. तो मुलगा आपला होता, त्याने पत्करलेले काम त्याने जिवावर उदार होऊन केले आणि तो फार लवकर गेला. आणि त्याच्या कामामुळे दुसऱ्या कोणाच्या घरातही माणसे गेली असतील. यातील एक गोष्ट सांगण्यासाठी दुसरी झाकावी लागते, असे मोठ्यांना वाटते.

प्रश्न : थोरल्या काकांचा हवाई दलातील फोटो, पत्रे आणि तार माडीवरच्या लाकडी पेटीत आहेत. कागद पिवळे पडून घडीवर तुटू लागले आहेत. लॅमिनेशन करून घ्यावे काय?
— एक वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नये. उष्णतेने आणि चिकट थराने कागद कायमचा खराब होतो आणि पुन्हा वेगळा करता येत नाही. घडीवर चिकटपट्टीही लावू नये. काही वर्षांत तिचा डाग उरतो. मूळ कागद उघडून सपाट ठेवावेत, प्रत्येकाच्या मधे आम्लरहित कागद घालावा आणि सगळे पुठ्ठ्याच्या स्वच्छ खोक्यात ठेवावे. माडी ही त्यांची जागा नव्हे: आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली कागद भाजून निघतो आणि लगेच पावसाळ्यात ओल धरतो. घराच्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, जमिनीपासून उंच ठेवल्यास कसर आणि वाळवी यांचे भय कमी होते. डांबराच्या गोळ्या कागदांना चिकटून ठेवू नयेत. पावसाळा संपल्यावर एकदा खोके उघडून, कोरड्या हातांनी, सावलीत सगळे पाहून घ्यावे. उन्हात वाळवू नये.

हे करण्यापूर्वी प्रत्येक कागदाची आणि फोटोची दोन्ही बाजूंनी चांगली स्कॅन प्रत करून घ्यावी, लिफाफ्यांचीही. पत्रांच्या लिफाफ्यावरील टपाल शिक्का, युनिटचा क्रमांक आणि सेन्सॉरची खूण यांवरून काका केव्हा कोठे होते, हे पत्रातील मजकुरापेक्षाही अधिक कळते, कारण ठिकाण लिहिण्यास सैनिकांना मनाई होती. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि माहीत असेल ते वर्ष लिहावे. फोटोत त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या तरुणाचे नाव घरातील कोणाला ठाऊक असेल, तर तेही आजच विचारून तेथेच लिहून ठेवावे.